डवरलेला उतार: आष्टीहून चिखलदऱ्याच्या कॉफी बगीच्यापर्यंत एक दिवस

या ब्लॉगवर मी पचमढीबद्दल लिहिलं, ताडोब्याबद्दल लिहिलं, गिरडच्या टेकडीबद्दल तर दोनदा लिहिलं. "चिखलदरा कसा राहिला?" असं दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. राहिला नाही, मीच टाळला. ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात मी तिथे एका दिवसात जाऊन आले आणि त्या दिवसात एकही पॉइंट पाहिला नाही. आता सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मीही निवृत्त झाले. लिहायला हरकत नाही.

मी तेव्हा आष्टीला शाळेत शिकवत होते. स्वभावाने कडक. पोरं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. त्या आठवड्यात सातवीच्या वर्गात भारताचा नकाशा उघडला, तर मधोमध फाटलेला. नकाशा आणायचं आणि परत कपाटात ठेवायचं काम सुमन नावाच्या मुलीकडे होतं. मी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि वाट्टेल ते बोलले. दोन दिवसांनी कपाट हलवलं, तर मागे उंदरांचं बीळ आणि नकाशाचे कपटे. मग सुमनला व्हरांड्यात बोलावलं, "तुझी चूक नव्हती गं, जा," म्हटलं आणि विषय संपवला. त्या दिवशी जेवताना मी ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाटावर बसले होते. पासष्टीचे, अंगाने सडपातळ, शेतात तण दिसलं की जेवण सोडून उठणारे. दोनच महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि जाड भिंगांच्या चष्म्यातून ते सगळ्यांकडे नव्याने बघायचे. माझी गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. अर्धी भाकर ताटात ठेवून उठले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "सूनबाई, मले चिखलदऱ्याले नेशीन काय?"

"या थंडीत? तिथे आता काय आहे?"

"एक माणूस हाय. आता डोयानं दिसते, तं त्याच्या तोंडाकडं पाहून सांगाचं हाय काही. जिता असला तं."

आमच्या यांना कापसाच्या वेचणीतून मान वर करायला फुरसत नव्हती. एसटीने जाऊन एका दिवसात परत येणं जमणारं नव्हतं. मग गावातल्या वसंताची जीप ठरवली. दिवसाचं भाडं आणि पेट्रोल वेगळं, असा तेव्हा रिवाज होता. वसंताची अट एकच: अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. "धुकं आलं तं बोनेट दिसत नाई बाई तिथं," असं त्याने मला तीनदा बजावलं.

रविवारी पहाटे पाचला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: आष्टीहून मोर्शी, मग चांदूर बाजार, परतवाडा आणि तिथून घाट. सगळा मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, पण आम्हाला घाटाच्या पायथ्यापर्यंतच पाच तास लागले. मोर्शीकडे धरणाचं काम चालू होतं, तिथल्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती. जीपच्या ताडपत्रीतून गार वारा असा शिरत होता की मी शालीवर चादर घेतली. मोर्शीला चहा घेतला. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, शेकोट्या, आणि हातात कप धरून गप्प बसलेले मामाजी. एरवी हे गृहस्थ दुसऱ्याच्या शेतावर शेरे मारल्याशिवाय एक मैल पुढे जात नसत. आज पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुडघाभर गवत माजलेलं दिसलं, तरी काही बोलले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

परतवाड्याच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, एका आंब्याखाली डबा सोडला. ज्वारीची भाकर, झुणका, लसणाची चटणी आणि घरची संत्री. परतवाड्याला कचोरी चांगली मिळते, पण ती वसंताने एकट्याने खाल्ली. तो हातपाय मोकळे करायला गेला, आणि मामाजींनी संत्र सोलता सोलता सांगायला सुरुवात केली. चाळीस वर्षं त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या सासूबाईंनासुद्धा.

विशीत असताना बापाशी भांडून ते घरातून निघून गेले होते. चिखलदऱ्याच्या वर एका साहेबाचा कॉफीचा बगीचा होता, तिथे मुकादम म्हणून लागले. हाताखाली कोरकू आदिवासी मजूर. बगीचा पाहून त्यांचं डोकंच फिरलं. झाडांखाली पानांचा खच सडतोय, मधल्या पट्ट्यात गवत उगवलंय, आणि मजूर ते नुसतं हाताने उपटतात, तेही निवांत. आपल्याकडे पऱ्हाटीच्या ओळींतून बैलांचा डवरा फिरवून तण मुळासकट काढतात. ज्याचं शेत डवरलेलं तो कास्तकार, बाकीचे आळशी. साहेब दोन महिन्यांच्या रजेवर गेला. मामाजींनी एक अख्खा उतार साफ करायचं मनावर घेतलं. खालून डवरा आणवला. चढावर बैल चालेनात, तेव्हा एका मजुराच्या खांद्यावर दोरी दिली.

"त्याले बैलाच्या जागी जुपलं मी," मामाजी म्हणाले. "सुखलाल नाव त्याचं. माह्याच वयाचा. तो म्हणे, मुकादम, हे नोको करू. मी त्याले सगळ्यांसमोर आळशी म्हणलं. मंग तो काही बोलला नाई. पंधरा दिवस त्यानं ओढलं, मी दाबलं. पानं झाडून जाळली. उतार असा झाला का जसा भांग पाडला."

कॉफीची अन्न शोषणारी मुळं वरच्यावर असतात, मातीच्या वरच्या थरात आणि पानांच्या खचात. हे मामाजींना माहीत नव्हतं. उन्हाळा लागला, झाडं पिवळी पडली आणि त्या उतारावरचा सगळा बगीचा मेला. साहेब आला. संध्याकाळी हजेरीला सगळे मजूर उभे असताना त्याने विचारलं, हे कोणी केलं?

"मी म्हणलं, सुखलालनं."

मामाजींच्या हातातलं संत्र सोलून झालं होतं, पण त्यांनी ते खाल्लं नाही. त्याच दिवशी सुखलालला काढून टाकलं, बगीच्यातली त्याची झोपडीही मोडली. मामाजी महिनाभर राहिले आणि घरी पळून आले. मला त्यांचा राग आला. मी ज्यांच्या पाया पडत होते, ज्यांना गाव न्यायनिवाड्याला बोलवायचं, त्यांनी हे केलं होतं. आणि ते आता माझ्याकडे त्या जाड भिंगांतून बघत होते, मी काय म्हणते म्हणून. मी फक्त डबा भरला.

घाटाबद्दल लोक खूप लिहितात, मी थोडंच लिहीन. वळणं अवघड आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. वर गेलं की सागवान विरळ होतं, हवा एकदम हलकी आणि स्वच्छ लागते. डिसेंबरात उन्हातसुद्धा स्वेटर काढावासा वाटत नाही. बगीचा मुख्य वस्तीच्या जरा पुढे होता. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साहेब केव्हाच गेला होता आणि तेव्हाच्या मालकांचा यात काही दोष नव्हता.

कॉफीचं झाड मी पहिल्यांदाच पाहत होते. माणसाच्या उंचीचं, गर्द हिरव्या चकचकीत पानांचं, आणि फांदीला चिकटून लाल फळांचे घोस. बायका फक्त लाल झालेली फळं तोडत होत्या, हिरवी तशीच ठेवत होत्या. एकीने मला फळ चाखायला दिलं. साल गोड लागते, आतल्या बिया बुळबुळीत. वर उंच झाडांची सावली आणि पायाखाली पानांचा जाड थर, गादीवर चालल्यासारखा. मामाजी त्या थरावर पाय टाकताना अडखळत होते. मग ते थांबले. समोर एक उतार होता, त्यावर नुसतं गवत. चारही बाजूंना कॉफी, आणि मधे हा मोकळा.

"हाच," मामाजी म्हणाले.

फळं तोडणाऱ्या बाईला विचारलं, हा तुकडा मोकळा कसा? ती म्हणाली, "पहले से ऐसाच हाय. दो बार लगाया, जमा नाई." तिचं वय विशीपंचविशीचं होतं, तिला काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण सुखलाल कुठे राहतो ते तिला ठाऊक होतं. खाली, दोन मैलांवरच्या वस्तीत.

तिथवर जीप कशीबशी गेली. मातीने सारवलेली घरं समोरासमोर दोन रांगांत, अंगणं आरशासारखी स्वच्छ. सुखलाल अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे, खांदे अजून रुंद. जीपमधून कोणी पाटील उतरलेला पाहून तो उठून उभा राहिला. मामाजी त्याच्यासमोर जाऊन थांबले आणि त्यांनी चष्मा नीट केला.

"ओयखलं काय मले?"

सुखलालने बराच वेळ पाहिलं. "डवरावाला मुकादम," तो म्हणाला. रागाने म्हणाला नाही, एखाद्याचं गाव सांगावं तसं म्हणाला.

मामाजी जमिनीवरच बसले. मग त्यांनी सांगितलं, अडखळत, पण काहीही न वगळता. तुझं नाव मी घेतलं, साहेबाची भीती वाटली म्हणून घेतलं, तुझं घर माझ्यामुळे गेलं. हात जोडले. माझे डोळे भरून आले, आणि सुखलाल मात्र हातातल्या दोराकडे बघत होता.

"एक गोष्ट मीबी सांगतो," तो म्हणाला. "मले मालूम होतं. मुयं तुटून राह्यली ते मले दोरीतून समजे. कट कट कट. एक डाव म्हणलं तुले, नोको करू. तू आळशी म्हणला. मंग म्हणलं, कर. मरू दे झाडं, मंग साहेब याले काढते. मी अजून एक डाव बोललो असतो तं झाडं वाचली असती. त्यातली काही माह्या आज्यानं लावली होती."

दोन म्हातारे एकमेकांसमोर बसले होते आणि दोघांचीही मान खाली होती. मला वाटलं, झालं. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं, आता उठायचं. वसंताने लांबून घड्याळ दाखवलं. तीन वाजून गेले होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की आम्हाला इथे कुणी पाणी दिलेलं नाही. आमच्या भागात काय, त्या भागात काय, दुष्मन दारात आला तरी आधी पाण्याचा लोटा येतो. दारात एक म्हातारी उभी होती, सुखलालची बायको. ती आम्ही आल्यापासून तिथेच उभी होती आणि मी एक बाई असून मला ती दिसली नव्हती.

"तुम दोनों का हो गया?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "झाडं तुमची, साहेब तुमचा. घर माह्यं होतं. मी लिपलं होतं ते. पोटात पोरगी होती, पावसाच्या तोंडावर बाहेर काढलं मले. आठ दिवस झाडाखाली होतो."

मामाजी म्हणाले, "माय, माह्यं चुकलं."

"इथं काऊन सांगतं?" ती म्हणाली. "नाव घेतलं तेव्हा हजेरीत घेतलं. सगळे होते. माह्या बापाची माणसं होती. सुखलालनं बगीचा मारला, असं सगळी वस्ती म्हणे. मले पाण्यावर जाता येत नव्हतं. आणि आज अंगणात येऊन कानात सांगतं? तिथं सांग जाऊन."

सुखलाल तिला हळूच काहीतरी म्हणाला, कोरकूत. बहुतेक 'जाऊ दे' असंच. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. व्हरांडा आठवला. "तुझी चूक नव्हती गं, जा."

वसंता म्हणाला, "काकाजी, आता वर गेलो तं घाटात अंधार होते. मी आधीच सांगतलं होतं." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. जायचं की नाही, हे त्या क्षणी माझ्यावर आलं होतं. मी वसंताला म्हटलं, "अंधार झाला तर झाला. हळू चालवू." माझा शाळेतला आवाज ऐकून तो गपचूप स्टिअरिंगवर जाऊन बसला. मागे सुखलाल आणि त्याची बायको बसले, पुढे आम्ही.

बगीच्यात पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. फळं वाळवायचा मोठा फरसबंद ओटा होता. दिवसभर तोडलेली फळं घेऊन बायका, माणसं तिथे जमत होती. पन्नास-साठ तरी माणसं असतील. टोपल्या मोजून घेणाऱ्या मुकादमाला मी म्हटलं, यांना दोन मिनिटं बोलायचं आहे. त्याला वाटलं निवडणुकीचं काही असेल, तो बाजूला झाला.

मामाजी ओट्यावर चढले. मी हात द्यायला गेले, तो त्यांनी घेतला नाही. टोपी काढली.

"तो खालचा उतार," ते म्हणाले. "जिथं झाड लागत नाई. तो मी मारला. मी इथं मुकादम होतो. डवरा चालवला, मुयं तोडली. साहेबानं विचारलं, तं मी सुखलालचं नाव घेतलं. सुखलालनं नाई केलं. मी केलं. तो नको म्हणत होता. मी आष्टीचा माणूस, मी केलं."

बहुतेक जण तरुण होते. त्यांना साहेब माहीत नव्हता, डवरा माहीत नव्हता. मागे दोघी हसल्या. एकीने मोठ्याने विचारलं, "कौन सुखलाल?"

म्हातारी पुढे झाली. "माहा घरवाला," ती म्हणाली. "हा." आणि तिने नवऱ्याचा हात धरून त्याला पुढे ओढलं. हसणं थांबलं. गर्दीत दोन-तीन म्हातारी माणसं होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एकजण सुखलालजवळ आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

मामाजी ओट्यावरून उतरले. तिथे काठावरच बसले. म्हातारी कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. लोटा विसळला, भरला, आणि आणून त्यांच्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "घाटात धुकं येते. निघा मंग."

मामाजी लोटा दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. पाणी संपलं तरी लोटा त्यांच्या हातातून सुटेना, तेव्हा तिनेच तो काढून घेतला.

घाटात धुकं होतंच. वसंताने तासभर पहिल्या गिअरमध्ये जीप चालवली आणि मी पुढच्या काचेवरून फडकं फिरवत राहिले. तुम्ही गेलात तर दुपारी तीनच्या आत निघा, हे मात्र वसंताचं खरं. निघताना मी बगीच्याच्या दुकानातून पावशेर कॉफी घेतली होती. घरी ती कुणाला आवडली नाही. डबा पुष्कळ दिवस फडताळात पडून होता.

हे सगळं झाल्यावर मामाजी बदलले का, असं मला नणंदेने विचारलं होतं. फारसे नाही. शेतात तण दिसलं की तसेच चिडायचे. एक फरक पडला, गड्याला बोलायचं असलं तर त्याला बाजूला घेऊन बोलायचे, आणि स्वतःचं चुकलं तर बांधावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचे. पुढे चार वर्षांनी ते गेले. चिखलदऱ्याला पुन्हा जाणं त्यांना जमलं नाही, मलाही नाही.

सोमवारी मी शाळेत गेले. सातवीचा तास तिसरा होता. हजेरी घेतली, पुस्तक मिटलं आणि मुलांना सांगितलं, नकाशा उंदरांनी खाल्ला होता. सुमनचा काही दोष नव्हता. मी तिला तुमच्यासमोर बोलले, ते चुकीचं होतं, आणि म्हणून आता तुमच्यासमोरच सांगते. सुमन खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत होती. मी वाट पाहिली. मग तिने मान वर केली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

संध्याकाळी घरी आले तर मामाजी ओसरीत बसले होते. चपला काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "त्या पोरीले सांगतलं काय?"

"सांगितलं."

"सगळ्यायसमोर?"

"हो. सगळ्यांसमोर."

ते उठले, आत गेले आणि स्वतःच्या हाताने भरून माझ्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन आले.